आईच्या पसंतीचा हेडफोन

आमच्या घरात कान झाकायला बंदी होती. हिवाळ्यात सगळ्या लातूरची पोरं मफलर गुंडाळून शाळेत जायची. मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, मात्र कानाच्या पाळ्या लाल करून हिंडायचो. स्वेटर दोन घाला, पायात मोजे घाला, पण कान मोकळे. डोक्यावरून पांघरूण घ्यायचं नाही, कानात कापूस घालायचा नाही, आणि कुकरची शिट्टी कितीही कर्कश झाली तरी कानांवर हात ठेवायचे नाहीत. पाहुणे मुक्कामाला आले तर त्यांना आई हे सगळं चहाच्या आधी सांगायची. पाहुणे हसायचे. अण्णा हसायचे नाहीत, म्हणून आपणही हसायचं नाही, एवढं मला फार लवकर कळलं होतं.

कारण आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. भूकंपाच्या पहाटे आम्ही भाड्याच्या घरात होतो, मातीच्या माळवदाच्या. आई जागी होती. जमिनीखालून काहीतरी गडगडत येतंय हे तिनं आधी ऐकलं, मला दंडाला धरून ओढलं आणि अण्णांना लाथ घालून उठवलं. लाथेचं अण्णा स्वतःच सांगायचे, तेही अभिमानानं. आमची एक भिंत तेवढी फुगली. पण औशाच्या पलीकडे, आईच्या माहेरगावात, दगडामातीची घरं जागच्या जागी बसली, आणि त्यांत माझी मावशी गेली. दोघी पाठोपाठच्या बहिणी, एका ताटात जेवून वाढलेल्या. मावशीला लहानपणापासून कानांवरून गोधडी ओढल्याशिवाय झोप यायची नाही. आईनं तेवढं एकच धरून ठेवलं. "कान उघडे असते तर ऐकू आलं असतं तिला. आली असती भायेर," असं ती म्हणायची, भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, कुणी विचारलेलं नसताना. अण्णा फिजिक्सचे मास्तर. त्यांनी एकदा तिला समजावून पाहिलं, की ती घरं पडायला डोळ्याचं पातं लवण्याएवढाही वेळ लागला नाही, तिला ऐकू येऊनही काही झालं नसतं. आई म्हणाली, "मला ऐकू आलं का न्हाई? आपुन वाचलो का न्हाई?" त्यानंतर अण्णांनी तो विषय काढला नाही.

तेव्हापासून आई कधी नीट झोपलीच नाही. तशी आडवी व्हायची ती रोज, पण दाराशी, उंबऱ्याला लागून सतरंजी टाकून. मांजर माळवदावरून उतरलं की उठून बसली. रस्त्यावरून उसाची ट्रक गेली की उठून बसली. सकाळी डोळ्यांखाली काळं, आणि दुपारपासून डोकं धरलेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या तिनं घेतल्या नाहीत, कारण गोळीनं झोप लागली तर घरासाठी ऐकणार कोण? मी वयात येत होते, आणि त्या वयात मुलींना आयांचा जसा राग येतो तसा मलाही यायचा. पण माझ्या रागात दुसरंही काही होतं. मला तिला एकदा, फक्त एकदा, घोरताना बघायचं होतं.

पुढं आम्ही गावाच्या कडेला स्वतःचं घर बांधलं, तेव्हा आईची अट एकच होती: स्लॅब नको. "डोक्यावर पत्रा पायजे. पडला तर खोक पडंल, जीव तर जानार न्हाई." तेव्हा आमच्या भागात असे पत्रे घातलेली घरं बरीच उभी राहिली, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. मात्र पत्र्याच्या घराची एक गंमत असते. आतल्या भिंती छतापर्यंत पोचत नाहीत. वर हातभर मोकळी जागा राहते, आणि त्या जागेतून सगळं घर एकमेकांचं ऐकत असतं. फोडणी कशाची पडली, कोण कुणावर चिडलं, अण्णांनी सकाळी गुळण्या किती केल्या, सगळं सगळ्यांना. आईला हे फार आवडायचं.

त्याच घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत अण्णांचा क्लास सुरू झाला. लातुरात तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. ज्याला त्याला आपलं पोरगं डॉक्टर करायचं होतं, आणि डॉक्टर लातुरातच होता येतं अशी सगळ्यांची खात्री पटली होती. बिलोलीची पोरं, नायगावची पोरं, कुठल्या कुठल्या गावांहून ट्रंका घेऊन यायची, एका खोलीत कॉट लावून राहायची, मेसचे डबे खायची. इस्लापूरचा एक पोरगा पहिल्याच दिवशी आईला म्हणाला, "काकू, आमच्याकडं धबधब्याचा आवाज असतोय. हितं नुसता पोरांचाच हाय." आईनं त्याला दह्यासोबत धपाटं दिलं. पहिली बॅच उजाडायच्या आधी बसायची आणि शेवटची दिवेलागणीला उठायची. मी त्याच खोलीत मागं बसून शिकायचे, सरांची मुलगी म्हणून जास्त बोलणी खायचे, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्या क्लासांना जायचे. दिवसातली फक्त एक गोष्ट माझी होती. संध्याकाळी, पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या रिपीटरांची बॅच चालू असताना, मागच्या खोलीतला कॉम्प्युटर एक तास मला मिळायचा.

कॉम्प्युटर आणला होता प्रश्नपत्रिका टाइप करायला. आईनं त्याला भरतकाम केलेलं कव्हर शिवलं होतं. मी त्यावर एक गेम खेळायचे. क्लासमधल्या कुणीतरी सीडी दिली होती आणि ती परत मागायचं तो विसरला, देव त्याचं भलं करो. एका उजाड मुलखात एक शिपाई एकटाच हिंडतो, पडक्या इमारती, जंगल, नदी. शत्रू कुठूनही येतात. आता हसू येतं, पण दर आठवड्याला 'टेस्ट'चे मार्क भिंतीवर लागत असलेल्या त्या दिवसांत, जिथं आपल्याला कुणी नंबर विचारत नाही असा तो एकच मुलूख होता. मी त्या शिपायाला पळवायचे, लपवायचे, पाण्यात उतरवायचे, आणि माझं डोकं धुतल्यासारखं स्वच्छ व्हायचं. बाकीच्या मुली मैत्रिणींबरोबर बोलत बसायच्या, मी गोळ्या झाडायचे. ज्याची त्याची आवड.

पण गेम म्हटला की आवाज आला, आणि आमच्या घरात आवाजाला भिंत नव्हती. एकदा अण्णा भिंगाची आकृती काढत होते, सगळी बॅच चिडीचूप, आणि माझ्या शिपायावर चहूबाजूंनी गोळीबार झाला. पलीकडून एक पोरगा ओरडला, "सर, फायरिंग सुरू झाली!" आणि मागच्या रांगा बाकांखाली गेल्या. अण्णा खडू हातात घेऊनच माझ्याकडे आले. ते कधी ओरडत नसत, आवाज खाली आणत, आणि ते जास्त वाईट असे. म्हणाले, "ज्योती, यातून पुन्हा आवाज आला तर हे वर्गात नेऊन ठेवीन. मग टायपिंगपुरतंच." मी आवाज बंद करून खेळायला लागले. पण तो गेम कानांनी खेळायचा होता. शत्रू मागून येतो, त्याच्या बुटांचा आवाज आधी येतो, डावीकडून का उजवीकडून ते कळतं, मग वळायचं. आवाज बंद म्हणजे पाठीत गोळी. मी रोज मरायला लागले, पहिल्याच पुलावर.

मग नायगावची सुवर्णा, माझ्या बाकावर बसायची, तिनं तिच्या वॉकमनची कानात घालायची बोंडं मला दिली. घालून खेळले तर काय सांगू! मागं पाचोळा वाजलेला कळत होता. मी पूल ओलांडला, जंगल ओलांडलं, नदीकाठी पोचले, आणि तेवढ्यात कुणीतरी माझ्या कानांतली दोन्ही बोंडं खसकन ओढून काढली. मागं आई उभी होती. हाताला कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ, आणि चेहरा त्याहून पांढरा. तिनं स्वयंपाकघरातून हाका मारल्या होत्या, एकावर एक, आणि मी ओ दिली नव्हती. तिला वाटलं मी पडले, किंवा गेले. "कान बुजवून बसलीस?" एवढंच म्हणाली आणि खाली बसली. पलीकडे अण्णांचा आवाज थांबला, सगळी बॅच ऐकत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं. तिच्यासाठी आलं का त्या शिपायासाठी, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

जेवताना निवाडा झाला. आई म्हणाली, "त्यो डबा इकून टाका." अण्णा म्हणाले, प्रश्नपत्रिका कोण टाइप करणार? मी म्हणाले, बारावीची सगळी पोरं वेडी व्हायची वेळ आलीये, मला एक तास पाहिजे. अण्णांनी भाकरी मोडली, शेंगाच्या चटणीवर तेल घेतलं, आणि प्रश्नपत्रिका काढावी तसा प्रश्न मांडला: "असा हेडफोन पाहिजे, की त्यातला आवाज माझ्या वर्गात येणार नाही, आणि तुझ्या आईची हाक तुला ऐकू जाईल. असा मिळाला तर आण. आणि फार महागाचा नको." आईनं विचारलं, असा असतोय का? अण्णा म्हणाले, "बघावं लागेल." आई म्हणाली, "मग मी बघनार." तिथंच मला कळलं की हेडफोन माझा असला तरी पसंती तिची असणार. आमच्याकडे सोयरिकीसुद्धा एवढ्या चौकशीनं होत नसत.

त्याच सुमारास नांदेडला मामाकडे सत्यनारायण होता. आई आणि मी एसटीनं निघालो. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली की आई खाली उतरायची नाही, पण खिडकीतून भजी घ्यायची, तिचा तेवढा एक चैनीचा विषय होता. पूजा झाली, शिरा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी मामा आम्हाला वजिराबादला एका दुकानापाशी सोडून ऑफिसला गेला. रेडिओ, टेप, स्पीकर, तारांची भेंडोळी, सगळं छताला टांगलेलं. दुकानदार चाचा पान खाऊन बसलेले. मी म्हटलं, कॉम्प्युटरला लावायचा हेडफोन पाहिजे, गेमसाठी. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "हाव. दाखवा." आणि पिशवीतून धपाट्यांचा स्टीलचा डबा काढून त्याचं झाकण तेवढं हातात घेतलं. चाचांना वाटलं असेल, बाई जेवायला बसतेय.

पहिला हेडफोन त्यांनी काढला तो सगळ्यात रुबाबदार. दोन मोठ्या वाट्या, वरून काळं रेक्झिन, आतून गुबगुबीत. मी घातला तर जग बंद झालं. चाचा काहीतरी बोलत होते, ओठ हलताना दिसत होते. मोठा आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू. पण थोड्याच वेळात त्या वाटीनं माझं कानातलं दाबायला सुरुवात केली. आईनं मला कधी कानांतलं काढू दिलं नाही. सोन्याचे बारके टॉप्स आणि मागं त्यांची फिरकी. ती फिरकी कानामागच्या हाडात रुतायला लागली. वर चष्म्याची काडी. आणि रेक्झिनखाली घाम. नांदेडचा चैत्र होता, दुकानातला पंखा नुसता फिरायचं म्हणून फिरत होता. मी हा सगळा विचार करत असताना लोक दुकानाकडे वळून बघायला लागले. मला कळेना काय झालं. हेडफोन काढून मागं वळले तर फरशीवर झाकण गरागरा फिरत होतं, आणि आई कमरेवर हात ठेवून उभी होती. "न्हाई ऐकू आलं," ती चाचांना म्हणाली. "हा ठिवा आत."

चाचा म्हणाले, "अहो बाई, ह्याच्यासाठीच तर लोक हा घेतात! भायेरचं काहीच ऐकू येत न्हाई. एक नंबर माल हाय." आई म्हणाली, "म्हूनच नको." दुसरा आला, मानेमागून पट्टी असलेला. तो माझ्या वेणीत अडकला. तिसरा कानात घालायचा, तो आईनं हातातसुद्धा घेतला नाही. चौथ्याच्या वाट्या लहान, पण पट्टी एवढी घट्ट की कानशिलं चिमट्यात धरल्यासारखी झाली. चाचा म्हणाले, वापरून सैल होईल. आई म्हणाली, "पोरगी सैल होईल तवर." प्रत्येक वेळी माझ्या मागं झाकण पडत होतं. शेजारच्या कापडदुकानातला नोकर दारात येऊन उभा राहिला, मग त्याचा मालकही आला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण ही म्हण आमच्या घरात कुणी काढत नसे.

शेवटी चाचांनी वैतागून खालच्या खणातून एक काढला. पातळ पत्र्याची पट्टी, दोन्ही टोकांना रुपयाएवढ्या चकत्या, त्यांवर काळा स्पंज. वजन असं नव्हतंच. "हा वॉकमनवाला. सस्ता हाय, पन गेमसाठी काय कामाचा? आवाज जड न्हाई ह्याचा." मी घातला. स्पंज कानावर नुसता टेकला. फिरकीला लागला नाही, चष्म्याला लागला नाही, घामाला हवा राहिली. चाचांनी तो टेपला लावला, कव्वाली सुरू झाली, डावीकडे टाळ्या, उजवीकडे पेटी, अगदी वेगवेगळी. आणि त्या टाळ्यांच्या मधून मला झाकण पडल्याचं ऐकू आलं. मी वळले. आईनं झाकण उचललं, पदराला पुसलं, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून चालायला लागली. मला वाटलं रागावली. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली, एका रसवंतीसमोर उभी राहिली, मधून रिक्षा, सायकली, एक बैलगाडीसुद्धा जात होती, आणि तिनं भर वजिराबादेत हाक मारली, "ज्योतेऽऽ!" कव्वाली चालूच होती. मी हात वर केला.

आई परत आली तेव्हा तिचा चेहरा मी कितीतरी वर्षांनी तसा मोकळा पाहिला. "ह्योच द्या," म्हणाली. चाचा नोकराला म्हणाले, "जगाला भायेरचा आवाज नको असतोय, हे बाई भायेरचाच आवाज घेऊन राहिल्या." मग त्यांनी स्पंजाची एक जादा जोडी कागदात बांधून दिली आणि त्याचे पैसे लावले नाहीत. परतीच्या गाडीत आईनं तो डबा मांडीवर धरला होता आणि हेडफोन त्यात होता, धपाट्यांच्या जागी.

माझ्या मुलीकडे आता जो हेडफोन आहे त्याला तार नाही, आणि त्यात एक बटण आहे. ते दाबलं की बाहेरचं ऐकू येतं. तिनं मला मोठ्या कौतुकानं दाखवलं. मी म्हटलं, हे बटण तुझ्या आजीनं फार पूर्वी मागितलं होतं. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

घरी आल्यावर अण्णांनीही परीक्षा घेतली. भिंतीपलीकडे फळ्यापाशी उभे राहिले, मी गोळ्या झाडल्या. "थोडं किरकिरतंय. चालेल," म्हणाले. स्पंज कानाला खाजायचा, म्हणून आईनं जुन्या मलमलीच्या धोतराच्या बारक्या टोप्या शिवून त्याला चढवल्या. एरवी कान झाकायच्या नावानं भडकणारी बाई कान झाकायच्या वस्तूला टोप्या शिवत बसली होती, आणि मी तिला दोरा ओवून देत होते. मी पुन्हा खेळायला लागले. स्वयंपाकघरातून अधूनमधून हाक यायची, कामाची नसायचीच, नुसती "ज्योते!" मी म्हणायचे, "हाव!" आणि शिपायाला पुढं न्यायचे. असे किती दिवस गेले कोण जाणे. हाका हळूहळू विरळ झाल्या.

आणि मग ती संध्याकाळ. मेडिकलची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली होती, रिपीटरांची बॅच खच्चून भरली होती, बाहेर ओट्यावरसुद्धा पोरं बसली होती. आईचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. ती मागच्या खोलीत आली, माझ्या खुर्चीमागं उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या मानसाला घरदार न्हाई का? सारखा चालूनच राहिलाय." मी हसले. "काय ऐकू येतंय गं त्यात?" मी शिपायाला नदीकाठी नेलं. तिथले सगळे शत्रू मी आधीच संपवले होते, तिथं कुणी येणार नव्हतं. नुसतं पाणी वाहत होतं आणि झाडीत किडे किरकिरत होते. मी उठले, तिला खुर्चीत बसवलं, आणि हेडफोन तिच्यापुढे धरला. तिनं हात मागं घेतला. मग विचारलं, "तू हाईस ना हितं?"

"हाय."

"जाशील कुटं?"

"कुठं जात नाही. दारात बसते. मी ऐकते सगळं."

तिनं अंबाडा सारखा केला आणि पट्टी स्वतःच डोक्यावर चढवली. पहिल्यांदा ती ताठ बसली होती, मान वळवून दाराकडे बघत. मी उंबऱ्यावर तिच्या जागी बसून राहिले. कान लावून ऐकायला लागले तेव्हा मला कळलं की हे केवढं काम आहे. पत्रा तापून तडतडतो. गल्लीच्या टोकाला कुणीतरी पाट्याला छिन्नीनं टाके घालून घेतंय. अण्णा सूत्र सांगताहेत, पोरांच्या पेनांची कुरकुर. दूर मालगाडी. प्रत्येक आवाज ओळखायचा आणि सोडून द्यायचा. हे ती इतकी वर्षं, रोज, एकटी करत होती. मागं वळून पाहिलं तर आईची मान छातीवर आली होती. तोंड किंचित उघडं. आणि मग तो आवाज आला, बारीक, शिट्टीसारखा. आई घोरत होती.

भिंतीवरच्या मोकळ्या जागेतून तो पलीकडे गेलाच. मागच्या बाकांवर कुणीतरी खुसखुसलं. अण्णा तरातरा मागं आले. त्यांना वाटलं मी पुन्हा काहीतरी चालू केलं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्चीकडे दाखवलं. अण्णा दारातच थांबले. खडूची बोटं त्यांनी सदऱ्याला पुसली, आणि मग डोळे पुसले. मी त्यांना भूकंपाच्या वर्षीसुद्धा डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. तसेच पाय न वाजवता ते वर्गात परत गेले, आणि फळ्यावर लिहिल्याचा आवाज आला. नंतर त्या बॅचमधल्या एका पोरीनं मला सांगितलं, त्यांनी लिहिलं होतं: 'आज सुट्टी. काकू झोपल्या आहेत. आवाज न करता जा.'

परीक्षा तोंडावर असताना आमच्या सरांनी बॅच सोडली, हे लातुरात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. एक बाक सरकला नाही. मी उंबऱ्यावरून पाहिलं, खोलीभर पोरं-पोरी चपला हातात घेऊन, एकामागं एक, अनवाणी ओट्यावरून उतरत होती. इस्लापूरच्या त्या पोरानं फाटक उघडलं आणि सगळे जाईपर्यंत हातानं उचलून धरलं, कारण ते कुरकुरायचं. शेवटी त्यानं ते तसंच उघडं ठेवलं.

आई उठली तेव्हा अंधार पडला होता. अण्णांनी चहा केला होता, साखर विसरून. तिनं हेडफोन गळ्यात उतरवला आणि पुढच्या खोलीकडे पाहिलं. दिवा चालू, बाक रिकामे.

"पोरं कुटं गेली?"

"घरी," अण्णा म्हणाले.

"एवढी पोरं गेली आन् मला ऐकू आलं न्हाई?"

"नाही आलं."

आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं चहाचा घोट घेतला, पुन्हा एक घेतला.

"बरं झालं," आई म्हणाली.